घरचा कॉम्प्युटर हाताला बसवताना

आमच्या घरात एकच कॉम्प्युटर आहे आणि तो आम्ही तिघं वापरतो. मी त्यावर प्रुफं वाचते, आई फोटो बघते आणि व्हिडिओ कॉल करते, मुलाचा अभ्यास आणि गेम दोन्ही त्यावरच. साहजिकच ‘कॉम्प्युटर स्लो झालाय’ ही तक्रार तिघांकडून येते आणि प्रत्येकाच्या तोंडी तिचा अर्थ निराळा असतो. मुलाचा गेम अडखळत असतो. आईने कशावर तरी क्लिक केलेलं असतं आणि मध्येच भलतीच विंडो उगवलेली असते. मला सकाळी मशीन सुरू केल्यापासून पहिली फाइल उघडेपर्यंतचा वेळ खुपत असतो. म्हणून विंडोजची आवराआवर करायला बसले की मी आधी एवढंच ठरवते, की नेमकं कोणाचं, कोणत्या कामात आणि कुठे अडतंय.

याच्या नेमकं उलट सल्ला सगळीकडे मिळतो. एक स्क्रिप्ट, म्हणजे आदेशांची तयार यादी, चालवा, पाच मिनिटांत नको ते सगळं उडवून टाका. अशा स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांची मेहनत मला मान्य आहे, पण ती त्यांनी त्यांच्या मशीनसाठी घेतलेली असते. त्यांना प्रिंटर लागत नाही, म्हणून छपाईची कामं रांगेत लावणारा प्रिंट स्पूलर बंद. त्यांना मायक्रोसॉफ्टचं ॲप स्टोअर नको, म्हणून स्टोअर काढून टाकलं. चार महिन्यांनी तुम्ही प्रिंटर जोडता, तो काही केल्या छापत नाही आणि त्याचा संबंध त्या स्क्रिप्टशी असेल हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. मी सर्व्हिसेसच्या, म्हणजे पाठीमागे गुपचूप चालणाऱ्या प्रोग्रामांच्या, यादीला सहसा हात लावत नाही. तिथे नुसत्या पडून असलेल्या सर्व्हिसेसमुळे मशीन मंदावत नसतं, आणि नावावरून वाटतं त्यापेक्षा कितीतरी गोष्टी एकमेकींवर अवलंबून असतात.

तर, सकाळचा वेळ. विंडोज सुरू व्हायला किती वेळ लागला याची नोंद विंडोज स्वतःच ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’ असं आत गेलं की १०० क्रमांकाच्या नोंदी दिसतात. तपशिलात मिलिसेकंदांत आकडे असतात आणि त्यातले दोन कामाचे. एक, डेस्कटॉप दिसेपर्यंतचा वेळ. दुसरा, डेस्कटॉप दिसल्यावर मशीन शांत होईपर्यंतचा वेळ. आमच्याकडे पहिला आकडा अगदीच बरा होता आणि दुसरा त्याच्या कितीतरी पट. म्हणजे विंडोज वेळेवर उठत होतं. त्याच्या मागोमाग जी गर्दी आत शिरत होती तिने वाट अडवली होती. हे कळल्यावर माझं निम्मं काम झालं, कारण कुठे बघायचं ते ठरलं.

गर्दी बघायची जागा टास्क मॅनेजरमध्ये आहे. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा आणि स्टार्टअपच्या टॅबवर जा. प्रत्येक नावापुढे ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ लिहिलेला असतो. तो ‘हाय’ कधी म्हणायचा याचा हिशेब ठरलेला आहे: सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदापेक्षा जास्त वेळ खाल्ला किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त ये-जा केली, की हाय. आमच्या यादीत मीटिंगचं ॲप होतं, दोन गेम लाँचर, प्रिंटरसोबत आलेला कसलासा मदतनीस, आणि ब्राउझर. प्रिंटर छापायला तो मदतनीस लागत नाही, प्रिंटर चालवणारा ड्रायव्हर पुरतो. लाँचर गेम खेळताना आपोआप उघडतो, त्यासाठी सकाळपासून ताटकळत बसायची गरज नाही. ही सगळी ‘डिसेबल’ केली. लक्षात घ्या, अनइन्स्टॉल नाही, फक्त आपणहून सुरू होणं बंद. ब्राउझरचं मात्र त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही बघावं लागतं, कारण विंडो बंद केल्यावरही पाठीमागे चालू राहायची सोय तिथे असते.

या टॅबमध्ये सगळंच दिसत नाही. काही प्रोग्राम ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या टास्क शेड्युलरमधून उठतात, काही एक्सप्लोररला चिकटून येतात. त्यांच्यासाठी मी ‘ऑटोरन्स’ वापरते. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल या दोघांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या सिसइंटर्नल्सचं हे साधन. २००६ मध्ये ती कंपनी मायक्रोसॉफ्टने घेतली आणि ऑटोरन्स आजही फुकट मिळतं. पहिल्यांदा उघडलं की यादी बघून छातीत धस्स होतं. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायचा पर्याय निवडला की ती आवाक्यात येते. पिवळ्या रंगातल्या ओळी म्हणजे ज्यांची मूळ फाइलच आता डिस्कवर नाही अशा नोंदी, काढून टाकलेल्या प्रोग्रामची उरलेली नावं. माझा नियम असा, की तिथे काहीही डिलीट करायचं नाही. फक्त टिक काढायची, काही दिवस तसंच वापरायचं, कोणाची काही कुरकुर आली तर टिक परत लावायची.

हे सगळं एवढं का खुपत होतं त्याचं मूळ जुन्या हार्ड डिस्कमध्ये होतं. मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि त्याआधी डोकं योग्य त्या पट्ट्यावर सरकायला आणखी वेळ. म्हणजे इकडून तिकडून विखुरलेल्या वाचनाच्या मागण्या आल्या तर सेकंदाला शंभरसुद्धा पुऱ्या होत नाहीत. सकाळी आठ-दहा प्रोग्राम एकाच वेळी आपापल्या शेकडो फाइली मागतात, तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते आणि तरी प्रत्यक्ष वाचन चाललेलं असतं सेकंदाला एखाद-दोन एमबी. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नाही, त्यामुळे अशा हजारो मागण्या ती सेकंदात निकालात काढते. ज्यांच्याकडे अजून फिरती डिस्क आहे त्यांना मी कळकळीने सांगेन, की सेटिंगमागे वेळ घालवण्याआधी डिस्क बदला. आणि बदलल्यावर डीफ्रॅगची, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावण्याची, काळजी सोडून द्या. विंडोजला एसएसडी ओळखता येते आणि ‘ऑप्टिमाइझ’मधून ते तिला ट्रिमचा, म्हणजे कोणती जागा आता रिकामी झाली ते सांगणारा, आदेश देतं, जो तिला हवाच असतो.

आता एक अशी गोष्ट जी मी भेटेल त्याला दाखवते. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू. खाली ‘अप टाइम’ लिहिलेलं असतं. रोज रात्री शटडाउन करूनही तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसतो. तो चुकीचा नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. शटडाउन म्हटल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात, तुम्ही साइन-आउट होता, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसेच्या तसे एका लपलेल्या फाइलमध्ये डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तिथून परत उचलले जातात. ब्लूटूथ रुसलं असेल, आवाज खरखरत असेल, तर तो बिघाड दुसऱ्या दिवशी सहीसलामत हजर. ‘रीस्टार्ट’ मात्र खराखुरा नव्याने सुरू करतो. आता कळलं ना, रोज बंद करूनही न सुटलेला प्रश्न एका रीस्टार्टने का सुटतो? एसएसडीवर या फास्ट स्टार्टअपने वाचणारे सेकंद मला जाणवले नाहीत, म्हणून आमच्याकडे ते बंद आहे. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवरचं बटण काय करेल हे ठरवायची जागा आहे, तिथे.

रॅम मोकळी करणाऱ्या प्रोग्रामांच्या नादी लागू नका. मेमरीच्या पानावर ‘कॅश्ड’ म्हणून जो मोठा आकडा दिसतो तो अडकलेला नसतो. पुन्हा लागतील असं वाटणाऱ्या फाइली तिथे हाताशी ठेवलेल्या असतात आणि कोणाला जागा हवी झाली की त्या क्षणी सोडल्या जातात. त्या जबरदस्तीने बाहेर काढल्या तर पुढच्या वेळी त्याच परत डिस्कवरून आणाव्या लागतात. रॅम अपुरी पडली तर डिस्कवर वापरली जाणारी पेज फाइलही बंद करू नये. रेजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांचा साठा, साफ करणाऱ्या प्रोग्रामांना तर मायक्रोसॉफ्टच पाठिंबा देत नाही. आणि विंडोजच्या फोल्डरमधलं ‘विनएसएक्सएस’ कितीही अवाढव्य दिसलं तरी हाताने उडवू नये. त्यातल्या पुष्कळ फाइली म्हणजे दुसरीकडे दिसणाऱ्या फाइलींचीच दुसरी नावं असतात, जागा एकदाच व्यापलेली असते. जागा हवी असेल तर सेटिंग्जमधलं ‘स्टोरेज’ उघडा आणि तात्पुरत्या फाइली तिथून काढा.

इथवरचं काम कोणाच्याही मशीनवर थोडंफार सारखंच. पुढचं प्रत्येकाचं वेगळं, आणि मला त्यातच जास्त रस आहे.

माझ्यापासून सांगते. ॲनिमेशन आणि पारदर्शकता मी बंद ठेवते. डोळ्यांसमोर काही सरकत-विरघळत राहिलं की वाचताना लक्ष उडतं. पण ‘बेस्ट परफॉर्मन्स’ हा एका फटक्यात सगळं बंद करणारा पर्याय निवडला तर फॉन्टच्या कडा गुळगुळीत करणारी सोयसुद्धा जाते. देवनागरी वाचणाऱ्याला ती हवीच. ती नसली की ‘द्ध’ आणि ‘द्व’ सारखे दिसायला लागतात, रफार शेजारच्या मात्रेत मिसळतो, अनुस्वार आहे की स्क्रीनवरचा ठिपका ते कळत नाही. सगळं बंद करून तेवढी एक टिक परत लावायची. शिवाय शोध पेटीत ‘क्लिअरटाइप’ टाकलं की अक्षरांचे नमुने समोर येतात, त्यातले आपल्या डोळ्यांना स्वच्छ दिसतील ते निवडायचे. प्रुफं वाचणाऱ्या माणसाला याहून मोठी भेट विंडोजकडे नाही.

टास्कबारवर माझे पाचच प्रोग्राम आणि त्यांचा क्रम कधी बदलत नाही, कारण विंडोजचं बटण आणि १ दाबलं की पहिला उघडतो, २ दाबलं की दुसरा. बोटांना ते पाठ झालंय. विंडोज आणि व्ही दाबलं की कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी समोर येतात. आधी ते चालू मात्र करावं लागतं. फाइलनावांची एक्स्टेन्शन्स मी कायम दिसती ठेवते, म्हणजे पीडीएफचं सोंग घेतलेली ‘ईएक्सई’ फाइल लगेच ओळखू येते.

आईचं खातं वेगळं आणि साधं, ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं. बहुतेक प्रोग्राम इन्स्टॉल करायला माझा पासवर्ड लागतो, त्यामुळे ती बिनधास्त क्लिक करते. तिच्याकडे डेस्कटॉपवर तीनच चिन्हं आहेत: फोटो, कॉल, बातम्या. स्क्रीनचं स्केल १५० टक्के, माउसचा बाण मोठा आणि पिवळा. आणि एका क्लिकवर उघडायची सोय. डबल क्लिकमध्ये दोन टिचक्यांच्या मधे माउस किंचित सरकतो आणि फोटो उघडण्याऐवजी भलतीकडे ओढला जातो, हे मी तिच्या शेजारी बसून पाहिलं होतं. फोल्डर ऑप्शन्समध्ये ते बदललं आणि तो त्रास संपला. तिची भलतीच विंडो म्हणजे ‘स्टिकी कीज’ची सूचना निघाली, शिफ्ट लागोपाठ पाचदा दाबलं की येणारी. त्याचा शॉर्टकट ॲक्सेसिबिलिटीमध्ये बंद केला. नोटिफिकेशन्स फक्त कॉलच्या ॲपची. आई म्हणाली, “आता हा माझं ऐकतो.”

मुलाच्या खात्यात मी ढवळाढवळ करत नाही, तो स्वतः करतो. त्याला एकच अट घातली आहे, अपडेट बंद करायचं नाही. गेमच्या मध्येच मशीन रीस्टार्ट होतं म्हणून अपडेटच तोडून टाकायचा मोह होतो, पण त्यासाठी ‘ॲक्टिव्ह अवर्स’ आहेत. दिवसातले जास्तीत जास्त १८ तास राखून ठेवता येतात आणि त्या वेळात विंडोज आपणहून रीस्टार्ट होत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन कितीही चपळ केलं तरी त्याला सुरक्षेचे अपडेट मिळत नसतील तर त्यावर मी बँकेचं काम करणार नाही.

या सगळ्याची एक टेक्स्ट फाइल ठेवली आहे. तारीख, काय बदललं, कुठे, आणि परत कसं फिरवायचं. बदल एका वेळी एकच, आणि मोठा असेल तर आधी रीस्टोअर पॉइंट, म्हणजे मागे फिरता येईल अशी विंडोजची जपून ठेवलेली स्थिती. सिस्टिम प्रोटेक्शन बंद असेल तर रीस्टोअर पॉइंट होतच नाही, ते आधी तपासायचं. विंडोजचं वार्षिक मोठं अपडेट येऊन गेलं की ही फाइल उघडून स्टार्टअपची यादी, फास्ट स्टार्टअप आणि आईच्या खात्यातलं एका क्लिकचं सेटिंग या तीन गोष्टी आधी बघते. बाकीचं सवडीने.