कोर्दोबाला मुक्काम कराच

स्पेनमधल्या सेव्हिलहून सकाळी यायचं, मेस्किता ही जुनी मशीद बघायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरायचं, असंच कोर्दोबाचं ठरवलं होतं. ऐनवेळी एक रात्र राहिलो आणि खरं गाव तेव्हा दिसलं.

मेस्कितेला सकाळी साडेआठलाच जा. सोमवार ते शनिवार पहिला तासभर प्रवेश मोफत असतो (सणावारी बदलतो, आदल्या दिवशी खात्री करा) आणि मोठे गट नसतात. ७८५च्या सुमारास सुरू झालेल्या या मशिदीत आज ८५६ खांब आहेत. जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ (रोमनांनंतरचे राज्यकर्ते) इमारतींतून आणलेले खांब बुटके पडले, म्हणून छत उंच नेण्यासाठी कमानीवर कमान चढवली. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या त्या कमानींखाली आम्ही कितीतरी वेळ नुसते उभे होतो. १५२३ नंतर मधोमध उभारलेलं कॅथेड्रल भव्य आहे, पण मला ते त्या सावलीच्या पोटात घुसल्यासारखं वाटलं.

हुदेरिया या ज्यू वस्तीतलं १३१५चं छोटं सिनॅगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) चुकवू नका. फुलांची गल्ली मात्र फोटोवाल्यांनी भरलेली असते. त्यापेक्षा सान बासिलिओ भागात जा. तिथल्या घरांचे चौक आपल्या वाड्यांची आठवण करून देतात, फक्त तुळशीच्या जागी भिंतभर जिरेनियमच्या कुंड्या. मे महिन्यात या चौकांचा उत्सव असतो. तेव्हा जायचं तर खोली फार आधी ठरवा.

दुपारनंतर पूर्वेकडे चाला. कोरेदेरा हा चहूबाजूंनी कमानींचा मोठा चौक. पूर्वी इथे बैलझुंजी व्हायच्या. पुढे सान लोरेन्सो आणि सांता मारिना ही चर्च. १२३६मध्ये कॅस्टिलचा ख्रिस्ती राजा फर्नांदो तिसरा याने मुस्लिम सत्तेकडून शहर जिंकल्यावर बांधलेल्या चर्चांपैकी ही. सान लोरेन्सोची दर्शनी गोल नक्षीदार खिडकी उतरत्या उन्हात बघावी. बाहेर आज्या बाकावर गप्पा मारत होत्या, मुलं चेंडू खेळत होती, पर्यटक आम्हीच. दुपारी चर्च बंद असतात, म्हणून संध्याकाळच्या प्रार्थनेच्या सुमारास जा.

शाकाहारींसाठी: साल्मोरेखो या गार टोमॅटो सूपवर हॅम आणि अंडं घालतात. 'सिन हामोन, सिन उएवो' असं आधीच सांगा. मधासारख्या उसाच्या काकवीबरोबर येणारी तळलेली वांगी जरूर मागवा.

जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीपार जातो, ते महिने टाळा. रात्री जेवणानंतर कापुचिनोसच्या चौकात जाऊन या. पांढऱ्या भिंती, कंदिलांच्या उजेडातला दगडी क्रूस, आणि आपल्याच पावलांचा आवाज.