हे केळं कुणाच्या जागेवर?

आमच्या घरी फळ विकत आणायची पद्धत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात सासरची केळीची शेती आहे, त्यामुळे कोठीत बाराही महिने एखादा घड लटकलेला असतो. येता-जाता फणीतलं एक तोडायचं, उभ्या उभ्या खायचं आणि साल म्हशीपुढे टाकायची. याला आमच्यात 'खाणं' म्हणत नाहीत. दोन केळी पोटात असलेला माणूसही 'सकाळपासून काहीच खाल्लं नाही' असं खुशाल सांगतो. माझं वजन वाढलं त्यात या कोठीचा मोठा वाटा होता.

जून २०२३ मध्ये शाळा उघडली तेव्हा मी ७८.४ किलो होते. उंची ५ फूट १ इंच, वय ४३. रक्त तपासलं तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ज्याला एचबीए१सी म्हणतात, तो ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आधी वजन उतरवा, गोळीचं नंतर बघू."

त्याच आठवड्यात एका सहकारी बाईंनी मोबाइलवर सात दिवसांचा तक्ता पाठवला. सात दिवस फक्त फळं. यादीत किवी, ब्लूबेरी, ॲव्होकॅडो. ब्लूबेरी कुठे मिळाली नाही, किवी भुसावळला मिळाले. पिशवी पाहून सासूबाई म्हणाल्या, "काबरं गं, घरात केळी सडू राहिली अन् हे केसाळ बटाटे पैसे देऊन आणले?"

चौथ्या दिवशी शाळेत प्रार्थनेला उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मुलांसमोरच खाली बसले. पाचव्या दिवशी सोडलं. काटा २.३ किलो खाली आला होता, तो नऊ दिवसांत होता तिथे परत गेला. पहिल्या काही दिवसांत जे उतरतं त्यात बरंचसं पाणी असतं. शरीरातला साखरेचा साठा संपतो आणि त्याच्याबरोबर धरलेलं पाणी जातं. शिवाय बहुतेक फळांत प्रथिनं नावालाच. नुसत्या फळांवर राहिलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. हे मला नंतर कळलं, तेव्हा वाटलं होतं की माझ्यातच जिद्द कमी.

मग दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी. फळं चांगली, तर ती वाढवू या. सकाळी दोन केळी दुधात फिरवून, अकराला मोसंबीचा रस, संध्याकाळी चाट मसाला भुरभुरलेली फळांची ताटली आणि रात्री 'पोट साफ राहतं' म्हणून आणखी एक केळं. बाकी जेवण जसंच्या तसं. शेवभाजीवरचा तर्रीचा थर तोच, कळण्याच्या भाकरी तेवढ्याच. ऑगस्टअखेर वजन ७९.१. मी चक्क रडले. 'एवढं पथ्य करूनही' असं प्रत्येकाला सांगत सुटले होते, आणि पथ्य तर मी काहीच करत नव्हते.

सप्टेंबरमध्ये जळगावला आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी काही खायला सांगितलंच नाही. आठ दिवस जे तोंडात जाईल ते वहीत लिहा, म्हणाल्या, आणि फळ असेल तर तोलून. मग मी स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा आणला. कोठीतलं मधल्या फणीतलं केळं सालीसकट १९५ ग्रॅम भरलं, सोलल्यावर १२७. म्हणजे तिसरा हिस्सा सालच. केळ्याच्या १०० ग्रॅम गरात साधारण ८९ कॅलरी, म्हणजे हे एक केळं ११३ च्या घरात. फार नाहीच. पण वहीत केळ्यापुढे मारलेल्या रेघा मोजल्या तर रोज सहा. सहा केळी म्हणजे पावणेसातशे कॅलरी, आमच्या घरच्या मापाने चार भाकरी. दिवसाला चार भाकरी मी 'न खाता' खात होते.

रसाचंही तसंच. एक पेला भरायला चार मोसंब्या पिळाव्या लागायच्या. सोलून फोडी खायला बसलं की एका मोसंबीत समाधान होतं, दुसरी कुणी सोलून दिली तरच. रस मात्र चार घोटांत संपतो, आणि पोटाला आधार देणारा चोथा गाळणीत राहतो. त्या दिवसापासून घरातलं रसाचं यंत्र माळ्यावर आहे.

वही पाहून बाईंनी एकच प्रश्न विचारला, "हे केळं कुणाच्या जागेवर बसलंय?" मी वर्गात मुलांना जागा ठरवून देणारी, मला हे लगेच कळलं. चाळीस बाकांच्या वर्गात एकेचाळिसावा आला तर कुणाला तरी उठावं लागतं. माझ्या वर्गात कुणीच उठत नव्हतं.

मग एकेकाला उठवलं. शाळेच्या मधल्या सुट्टीत शेव-मुरमुरे असायचे, तिथे पेरू आला. साडेचारच्या चहाबरोबरची बिस्किटं गेली, तिथे केळं, तेही एकच. रात्री जेवणानंतर काही गोड लागायचं, तिथे पपईच्या चार फोडी. दुधात फिरवलेलं केळं बंद, कारण त्याच्या जागेवरून कुणी उठायलाच तयार नव्हतं. नाश्ता तर मी त्याच्यानंतरही करायचे. फळाबरोबर मूठभर शेंगदाणे किंवा वाटीभर दही घेतलं की दोन तास भूक लागत नाही, हे आठवड्याभरात लक्षात आलं.

फळ किती खायचं याचा एक सरकारी आकडाही आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात भाज्या ४०० ग्रॅम आणि फळं १०० ग्रॅम धरली आहेत. वाचून मी हसले. आमच्याकडे उलटं, भाजी लोणच्याएवढी आणि केळी फणीने. आता माझं फळ दिवसाला दोनशे-अडीचशे ग्रॅम असतं, म्हणजे त्या आकड्यापेक्षा जास्तच. पण वांगी, गिलके, मेथी यांचं प्रमाण दुप्पट झालं. बामणोदच्या वांग्याचं भरीत कमी तेलात बरं लागत नाही, तेव्हा महिन्यातून दोनदा, पण तेल असायचं तेवढंच.

केळ्याबद्दल गावात दोन टोकं आहेत. शहरात जाऊन आलेले म्हणतात, वजन कमी करायचं तर केळं विष. नाना, म्हणजे माझे सासरे, हे ऐकून घेत नाहीत. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. केळं पिकतं तेव्हा त्यातल्या स्टार्चची साखर होते, कॅलरी जवळपास तेवढ्याच राहतात. फरक पडतो तो साखर रक्तात किती झटकन उतरते यात. म्हणून मी काळे ठिपके पडण्याआधीचं, देठाशी किंचित हिरवं असलेलं घेते. एक मात्र सांगते: नानांच्या मोठ्या भावाची किडनी अधू आहे, त्यांना डॉक्टरांनी पोटॅशियममुळे केळं बंद केलंय. असा आजार असेल किंवा साखरेची औषधं चालू असतील तर माझ्या वहीवर जाऊ नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.

आणि वेफर्स म्हणजे केळं नव्हे. उपवासाच्या नावाखाली मी चतुर्थीला पाव किलोचं पाकीट एकटी संपवायचे. तळलेल्या केळ्याच्या १०० ग्रॅममध्ये पाचशेच्या वर कॅलरी असतात.

हिवाळा सोपा गेला. पेरू माझा मुख्य खेळाडू. शंभर ग्रॅमला सत्तरच्या आत कॅलरी आणि पाचेक ग्रॅम तंतू, चावता चावता जबडा दुखतो. जळगावला गेलं की मेहरूणची बोरं यायची. पपई शहाद्याकडची. पपईने चरबी जळते असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. जळत बिळत नाही. पाण्याने भरलेलं फळ आहे, शंभर ग्रॅमला चाळीस-पंचेचाळीस कॅलरी, तेवढंच तिचं मोठेपण.

जानेवारी ते मार्च काटा ७३ वर अडकला. तेव्हा फळं कमी करायची असं मी ठरवून टाकलं होतं. बाईंनी थांबवलं. फळं तशीच ठेवून डाळ आणि अंडी वाढवली, आणि रोज शेतापर्यंत चालत जायला लावलं. एप्रिलमध्ये काटा पुन्हा हलला.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. बाहेर ४४-४५ अंश, घरात माहेरवाशिणी, आणि आखाजीला आमरस-पुरणपोळी नाही म्हणणारी सून अजून आमच्या गावात जन्मायची आहे. मी रस साखर न घालता वेगळा काढून ठेवला, एक वाटी. खापरावरची पोळी अर्धी. नणंद म्हणाली, "वहिनी, सणाला तरी खा ना!" मी म्हटलं, खातेच आहे. दुसऱ्या दिवशी उरलेला रस मात्र सगळ्यांच्या नजरा चुकवून चमच्याने खाल्ला, तोही वहीत लिहिला. ऑगस्टमध्ये कानबाईचे, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाचे, रोट आले, तेव्हा वही चार दिवस बंदच होती.

सप्टेंबर २०२४ मध्ये वजन ६९.८ आणि एचबीए१सी ५.६. वर्षाला नऊ किलो, म्हणजे महिन्याला पाऊण किलो. मोबाइलवरच्या तक्त्यासमोर हे काहीच नाही. त्यानंतर मी तिथेच घुटमळते आहे.

सासूबाईंचीही साखर वाढलेली निघाली, त्यामुळे आता पेरू दोघींना लागतो. त्यांची कवळी आहे, म्हणून त्या किसून खातात. मला किसलेला आवडत नाही, मी कडक पेरू दाताने फोडूनच खाते. त्यात मागच्या आठवड्यात दाढेत भरलेली जुनी चांदी निखळली. शनिवारी शाळा सुटली की भुसावळला दाताच्या डॉक्टरांकडे जायचंय, तोवर पपईच.