डावीकडे न वळणारा बीम

पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये त्या दिवशी सकाळी नऊलाच अँटेना चेंबरमध्ये, म्हणजे रेडिओ लहरी शोषणाऱ्या मोजणीच्या खोलीत, चढवला होता. २६ गिगाहर्ट्झचा, म्हणजे २०२२ च्या ५जी लिलावात होता त्या बँडचा. हवेतली तरंगलांबी जेमतेम साडेअकरा मिलिमीटर. मधे एक पॅच, म्हणजे तांब्याचा चपटा तुकडा, दोन्ही अंगांना एकेक छोटा पॅच आणि त्यांना जोडलेले पिन डायोड, म्हणजे करंटनं चालू-बंद होणारे इवलेसे स्विच. डायोड चालू केला की त्या बाजूचा पॅच लांब होऊन परावर्तक बनतो आणि बीम, म्हणजे लहरींचा झोत, विरुद्ध बाजूला झुकतो. कुठलाही भाग न हलता दिशा बदलते! मी या विषयात आले ती याच्याच ओढीनं.

उजवीकडे बीम २८ अंश झुकला. डावीकडे जेमतेम सहा.

आधी संशय उजव्या डायोडवर, कारण बीम डावीकडे झुकवतो तोच. करंट १० मिलिअँपिअर, व्होल्टेज १.३. ठणठणीत. मग सिम्युलेशन उकरलं. बंद डायोडही इथे पुरता बंद नसतो, त्याची ०.०२५ पिकोफॅरडची धारकता या फ्रिक्वेन्सीला २४५ ओहमसारखी वागते. पण ते मी धरलेलं होतं. दुपार अशीच गेली.

साडेपाचला बोर्ड बाहेर काढून अ‍ॅनालायझरला जोडला; अँटेनाकडून सिग्नल किती परत येतो ते तो स्क्रीनवर रेषेनं दाखवतो. उजव्या डायोडला करंट देणारी डीसी तार वाकली होती, ती मी बोटानं सरळ करत होते. सोल्डरिंग करणारे आमचे काका स्क्रीनकडे बघत होते. म्हणाले, "मॅडम, थांबा. तारेला हात लागला की रेषा हलतेय."

मी हात काढला, रेषा जागेवर. पुन्हा लावला, पुन्हा हलली.

मायक्रोस्कोपखाली सगळं दिसलं. गेल्या आठवड्यात पॅड उखडला म्हणून तार मीच नव्यानं जोडली होती, पण स्टबच्या, म्हणजे पंख्याच्या आकाराच्या तांब्याच्या पट्टीच्या अलीकडे, १ मिलिमीटर आत. तो स्टब सिग्नलला अडवतो. तार त्याच्या पलीकडे असायला हवी. बोर्डवर तरंगलांबी आठेक मिलिमीटर, म्हणजे माझी चूक तिच्या आठव्या हिश्श्याएवढी. डायोड चालू झाला की सिग्नल तारेत शिरायचा आणि ती बारा सेंटिमीटरची तार स्वतःच अँटेना व्हायची. डायोड बंद असताना ती बऱ्यापैकी तुटलेली, म्हणून उजवा बीम शाबूत.

काकांनी सोल्डर शोषून घेतलं, तार स्टबच्या पलीकडे लावली. त्यांचा हात तसूभरही हलला नाही.

रात्री नऊला चेंबरमध्ये अँटेना फिरवणारं टर्नटेबल पुन्हा फिरलं. डावीकडे २७ अंश. मग उजवी बाजूही परत मोजली.