सत्कार चारला, द्रावण आठला

डॉक्टर मॅडमनी अट घातली होती. सत्कार करायचाच असेल तर नाशिकच्या सभागृहात नको, पेठ तालुक्यातल्या कॅन्सर तपासणी शिबिराच्या दिवशी करा, आणि तोही शेवटची बाई तपासून झाल्यावर. म्हणून शाल-श्रीफळ दुपारी चारला आणि आमचं काम सकाळी आठला, असा दिवस ठरला. आदिवासी पट्ट्यातल्या बायकांना कॅन्सरचे उपचार मिळण्यातली दरी कमी केली, म्हणून हा सत्कार.

तारीख सप्टेंबरची होती, तीही विचार करून धरलेली. जुलै-ऑगस्टमध्ये भाताची आवणी, ऑक्टोबरपासून कापणी, दिवाळी झाली की निम्मं गाव दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर. आधी इथली शिबिरं मार्चअखेर व्हायची, निधी संपवायला. तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि दाराला कुलपं. मॅडम आल्यावर पहिली बदलली ती तारीख.

गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी व्हीआयए पद्धतीने होते: पातळ ॲसिड लावून बिघडलेल्या पेशींचा पांढरा डाग उठतो का, ते डोळ्यांनी बघायचं. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड ५ मिली, डिस्टिल्ड पाणी ९५ मिली. आधी पाणी, मग त्यात ॲसिड. द्रावण रोज ताजं, बाटलीवर तारीख. कालचं उरलेलं वापरलं तर डाग फिकट उठतो आणि बाई ‘नॉर्मल’ म्हणून घरी जाते. ॲसिड न मिसळता लागलं तर भाजतं. कापूस भिजवून लावायचा, घड्याळात पूर्ण एक मिनिट थांबायचं, मग बघायचं. घाईत वीस सेकंदांत बघणारे पुष्कळ. उजेड पांढरा हवा, पिवळ्या टॉर्चखाली पांढरा डाग ओळखू येत नाही. पन्नाशीनंतर ज्या भागात बदल होतात तो आत सरकतो, त्यामुळे त्या वयात नुसत्या व्हीआयएवर विसंबून चालत नाही.

दिवसाला किती बायका तपासायच्या, हे डॉक्टरांवर नाही, स्पेक्युलमवर, म्हणजे आतलं बघायला योनीमार्ग उघडा धरणाऱ्या साधनावर ठरतं. वापरलेलं स्पेक्युलम ०.५ टक्के क्लोरीनच्या पाण्यात १० मिनिटं, मग घासून धुणं, मग ऑटोक्लेव्हच्या वाफेत निर्जंतुक करणं, मग वाळवणं. एका फेरीला तासाहून जास्त जातो. स्पेक्युलम कमी असतील तर बायका बाकावर बसून राहतात, दुपारची एसटी दिसली की उठून जातात. ज्या जातात त्या परत येत नाहीत. मॅडमनी निधीतून मंडप आणि बॅनर कापून स्पेक्युलम वाढवून घेतले होते. माझ्या मते मानपत्रात हेच पहिलं लिहायला हवं होतं.

डाग दिसला तर त्याच दिवशी थर्मल ॲब्लेशन, म्हणजे डाग उष्णतेने जाळणं: सुमारे १०० अंशांचा प्रोब, २० ते ४५ सेकंद, भूल लागत नाही. मात्र डाग पूर्ण दिसला पाहिजे, आतल्या नळीत शिरलेला नसावा, तोंडाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग व्यापलेला नसावा आणि कॅन्सरची शंका नसावी. पुढचे काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो. हे आधी सांगितलं नाही तर ‘त्या मशीननं बिघडवलं’ अशी बातमी पाड्यापाड्यावर पोचते. आशाताई हे इथल्या कोकणा आदिवासींच्या बोलीत समजावत होत्या. ‘पिशवी काढणार नाहीत’ हेही त्यांनाच दर वेळी सांगावं लागत होतं.

साडेअकराच्या सुमारास पंचेचाळिशीची एक बाई आली. अंगावरून रक्त जात होतं, वर्ष होत आलं होतं. एका खासगी दवाखान्यात पिशवी काढायचा सल्ला मिळाला होता, बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, न करता. आत कॅन्सर असताना नुसती पिशवी काढली तर रोग अर्धवट राहतो आणि पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. मॅडमनी स्पेक्युलम घातलं, गाठ दिसली, ॲसिडचा कापूस बाजूला ठेवला. सरळ पंच बायोप्सी. तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, सलाइनमध्ये नाही. रक्त थांबायला गॉज. फॉर्मवर नाव लिहिण्याआधी त्यांनी रेशनकार्ड मागितलं. कार्डावर एक नाव, आधारवर दुसरं, बायोप्सीवर तिसरं असलं की मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेची मंजुरी अडते आणि पुढचे पंधरा दिवस तहसीलच्या खेपांत जातात. या बाईचं नाव कार्डावर नव्हतंच. ग्रामसेवक सत्काराच्या तयारीसाठी आलेले. हार बाजूला ठेवून त्यांना त्याच दुपारी तहसील कार्यालयात जावं लागलं.

तपासणीने मृत्यू कमी होतात, हे महाराष्ट्रातच सिद्ध झालंय. उस्मानाबाद जिल्ह्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तो अभ्यास २००९ मध्ये छापून आला. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलच्या पथकाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी व्हीआयए करून घेतलं, तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० चं उद्दिष्ट ९०-७०-९० आहे: ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के बायकांची तपासणी, रोग सापडलेल्या ९० टक्के बायकांना उपचार. शिबिराच्या अहवालात मधला आकडा झळकतो. शेवटच्या नव्वदचा रकाना बहुतेक ठिकाणी छापलेलाच नसतो. मॅडमच्या रजिस्टरमध्ये तो पहिला आहे.

चारला सत्कार झाला. शाल, नारळ, मानपत्राचं वाचन, त्यात ‘सेवाभाव’ तीन वेळा. मॅडम दोन मिनिटं बोलल्या, त्यातलं एक मिनिट आशाताईंच्या थकलेल्या मोबदल्यावर.

त्या बाईचा रिपोर्ट कॅन्सरचाच आला. हिमोग्लोबिन ८ च्या खाली. रक्त चढवून १० वर आणलं, कारण रक्त कमी असलं की रेडिएशन नीट लागू पडत नाही. सिस्प्लॅटिन हे कॅन्सरचं औषध द्यायचं म्हणून क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची रक्ततपासणी, मूत्रपिंडाला सूज नाही ना यासाठी सोनोग्राफी. नाशिकला बाहेरून रेडिएशनच्या २५ बैठका, आठवड्याला एक सिस्प्लॅटिन, मग आतून रेडिएशन, म्हणजे ब्रॅकीथेरपी. सगळं आठ आठवड्यांच्या आत बसवायचं. लांबलं की रोग आटोक्यात येण्याची शक्यता घटत जाते. गळती होते ती तिसऱ्या आठवड्यात. रक्त जायचं थांबतं, बाईला बरं वाटतं, तिकडे भात पिकून उभा असतो. म्हणून पहिल्याच दिवशी नवऱ्याला आणि दिराला समोर बसवून कापणी कोण करणार हे ठरवून घेतलं गेलं. रोज सावळघाट ओलांडायला नको म्हणून शहरात राहायची सोय झाली. रविवारी घरी जायला एसटीत महिलांचं अर्धं तिकीट कामी आलं.

तिच्या रकान्यात ‘४९ दिवसांत पूर्ण’ अशी नोंद आहे. तीन महिन्यांनंतरच्या तपासणीची तारीख ऐन द्राक्ष हंगामात येत होती. म्हणून मॅडमनी पत्त्यासमोर गावाऐवजी निफाडकडच्या बागेचं ठिकाण आणि मुकादमाचा फोन लिहून घेतला, आणि तपासणी पिंपळगाव बसवंतला ठेवली.