आतल्या खोलीतला एक्सपी

बाबांना वंशावळीत दोन नातवंडं घालायची होती. एवढंच काम. वंशावळ त्यांनीच २००४ साली सांगलीतल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात पेजमेकर या छपाईची पानं जुळवायच्या प्रोग्राममध्ये लावलेली. सीडीवरची फाइल शाबूत होती, पण ती उघडणार कशात? माझ्या लॅपटॉपवर पेजमेकर नाही, आणि मजकूर नुसता उचलून आणला तर आमचे खापरपणजोबा फ्रेंच स्वरचिन्हं आणि पौंड-येनच्या खुणा पांघरून येतात. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधीची मराठी ती. संगणकाला ‘क’ माहीतच नसायचा. इंग्रजी अक्षरांच्या आणि खुणांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. फॉन्ट गेला की सोंग उतरलं.

म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज एक्सपी बसवला. लॅपटॉपच्या पोटात एक लुटुपुटीचा संगणक. त्याला ५१२ एमबी रॅम आणि १० जीबीची डिस्क दिली, तेवढ्यावर स्वारी खूश. मी मात्र नको ती हुशारी करून डिस्क साटाला, म्हणजे डिस्क जोडायच्या नव्या पद्धतीला, जोडली होती. २००१ सालचा हा गृहस्थ, त्याला असली साटा कुठून ठाऊक असणार? निळा पडदा टाकून बसला. जुन्या आयडीई पद्धतीवर आणल्यावर निमूट चालू लागला. जुन्या फाइली आत न्यायला सीडीची आयएसओ केली, म्हणजे खोट्या संगणकाला खोटी सीडी.

नेटवर्कपुढची बरोबरची खूण तेवढी आठवणीने काढली, म्हणजे एक्सपीला इंटरनेट दिलं नाही. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ला एक्सपीची देखभाल थांबवली. मे २०१७मध्ये फाइली ओलीस धरणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसने धुमाकूळ घातला तेव्हा अपवाद म्हणून दुरुस्तीचं एक ठिगळ पाठवलं खरं, पण त्याच्या भरवशावर कोण राहणार? व्हर्च्युअल मशीन आहे म्हणजे भीती नाही असं बरेच जण समजतात. नेट जोडलं तर आतला एक्सपी तितकाच उघडा. जुन्या माणसाला आतली खोली द्यावी, गप्पा माराव्यात, पण रहदारीच्या रस्त्यावर एकट्याला सोडू नये.

पडद्यावर एक्सपीची ती हिरवी टेकडी आली. “आपलं एक गिऱ्हाईक म्हणायचं, हे चित्र पाचगणीकडचं,” बाबा म्हणाले. फोटो कॅलिफोर्नियातल्या सोनोमाचा, १९९६चा. मी सांगितलं नाही.

फॉन्टचा डोंगल, म्हणजे जी लावल्याशिवाय फॉन्ट चालत नाही ती किल्ली, त्यांच्या ड्रॉवरमध्येच होता. तो यूएसबीला लावून आत जोडून दिला आणि बाबांची बोटं कीबोर्डवर अशी पडली, जणू कालच दुकान बंद केलंय. मग एकदम ओरडले, “अरे, माउस आत अडकला!” अडकतोच. उजवा कंट्रोल दाबला की सुटतो. त्यांनी तो दोन-चारदा उगीचच आत-बाहेर करून पाहिला.

मी स्नॅपशॉट दाखवला: काही बिघडलं तर अख्खं मशीन आधी होतं तसं परत येतं.

“म्हणजे सगळ्या मशीनचं अनडू?”

“हो.”

“लग्नसराईत पाहिजे होतं रे हे,” एवढंच म्हणाले. रात्री अकराला वीज जायची, यूपीएस दोन मिनिटं बोंबलायचा आणि सेव्ह न केलेली पत्रिका, मुहूर्त आणि आहेर नको यासकट, गायब. सकाळी नवरीचे मामा दारात.

दोन्ही नातवंडं टाइप करून झाली. प्रत्येक ओळीनंतर त्यांनी कंट्रोल-एस दाबलं. म्हटलं, बाबा, स्नॅपशॉट घेतलाय, लॅपटॉपला बॅटरी आहे. “हो, हो,” म्हणाले आणि पुन्हा दाबलं.