एक मध्य, दोन अंत्य

मे महिन्यात इंदूरला दुपारी काम होत नाही, निदान माझ्याच्यानं तरी नाही. सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब उघडला होता, पण मेन्टेनन्स राहिला बाजूला आणि उगाच एका रिकाम्या खान्यात १२३४५६७८९८७६५४३२१ टाइप करून एंटर मारलं, तर शेवटचे दोन आकडे गायब, तिथे दोन शून्यं! शीटला पंधराच आकडे झेपतात, पुढचं सगळं ती शून्य धरते. अशानं कसं चालायचं.

रामबागेतल्या घरी शुभंकरोति झालं की नाना परवचा घ्यायचे. पाढे, पावकी, निमकी आणि मग भास्कराचार्यांच्या लीलावती ग्रंथातलं एक, दश, शत… ते कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. जलधीपर्यंत धाकटा भाऊ पेंगायला लागलेला असायचा. त्या हिशोबानं माझा आकडा म्हणजे एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू असं करत नऊ अर्बुदावर चढायचं आणि परत उतरायचं.

तो नानांनीच करायला लावला होता, चौकटीच्या वहीत, नऊ एक गुणिले नऊ एक, म्हणजे १११११११११ गुणिले १११११११११. नऊ ओळी, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली, बेरजेला उभ्या रांगेत नुसते एकच एक. उजवीकडून १, २, ३ असं वाढत मधोमध नऊचा कळस, पुन्हा कमी कमी, आणि हातचा एकदाही नाही! मग हाव सुटली, दहा एक घेतले. मधली बेरीज दहा झाली, हातचा आला आणि उत्तर निघालं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गेला, मधे शून्यं. भाऊ इतका हसला की नानांनी त्यालाच अकरा एक करायला बसवलं.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर, ६१७४ या कापरेकर स्थिरांकवाले, त्यांनी असल्या आकड्यांना डेम्लो म्हटलंय, एका रेल्वे स्टेशनवरून. मला हे फार आवडतं.

माझ्या त्या नऊच्या कळसाच्या आकड्याचे अवयव पाडले तर चार वेळा ३, दोनदा ३७, दोनदा ३३३६६७. ३७ माझा लाडका. पलासियाच्या सिग्नलला पुढच्या गाडीचा नंबर ३७नं भागून बघायची मला खोड आहे, आणि लोक ज्या ७७७साठी जादा पैसे भरतात तो आतून नुसता एकवीस सदतीस असतो हो! ३३३६६७ मात्र कधीच पटला नाही. एवढ्या देखण्या आकड्याच्या पोटात हा कुठून आला, आणि मूळ संख्या असल्यामुळे आणखी फोडताही येत नाही.

आईला हे सगळं सांगितलं, एकूण पंचेचाळीस विभाजक आहेत तेही सांगितलं. ती म्हणाली, "याचं करायचं काय असतं?"

"काही नाही."

"मग बरंय."