शोरूममधला पडदा आणि सोलापूरचे ऊन

नवी गाडी घेताना डॅशबोर्डवरचा मोठा पडदा आपण शोरूमच्या गारव्यात, छताखालच्या दिव्यांत पाहतो आणि हरखून जातो. तो वाचण्याची वेळ मात्र पारा ४२ अंशांच्या पुढे गेलेल्या मे महिन्यात येते. म्हणून माझे सांगणे असे की, शक्य असेल तर चाचणीची फेरी संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास मोहोळहून सोलापूरकडे येताना घ्यावी. त्या वेळी कलते ऊन मागच्या काचेतून शिरून थेट मधल्या टचस्क्रीनवर पडते आणि नकाशाच्या जागी बोटांचे ठसे व मागच्या सीटचे प्रतिबिंब तेवढे दिसू लागते. जुन्या गाड्यांतील काट्यांचे मीटर खोलगट जागेत, वरच्या कडेच्या सावलीत असत. सपाट उभ्या पडद्याला तो आडोसा क्वचितच मिळतो.

ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. पडद्यावरचा आकडा शोधण्यात दोन सेकंद गेले, तर ४४ मीटर रस्ता न पाहताच मागे पडतो आणि गाळपाच्या हंगामात तेवढ्या अंतरात पुढे उसाची ट्रॉली उभी असू शकते. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ८० च्या पुढे वाजणारी सूचना सक्तीची झाली, हे बरेच झाले. निदान त्या वेळी तरी नजर खाली न्यावी लागत नाही.

ऊन काचेवर असतानाच हेडलाइट लावले, की बऱ्याच गाड्यांत रात्र झाली असे समजून पडदा मंद होतो. तो पुन्हा उजळ करण्याची छोटी चकती किंवा बटण बहुधा स्टिअरिंगच्या आसपासच असते, पण ते अनेक मालकांना ठाऊक नसते. उलट अक्कलकोट रस्त्यावरच्या अंधारात तोच पडदा मंद करावा लागतो, नाहीतर डोळे त्या उजेडाला सरावतात आणि बाहेरचा सायकलस्वार दिसत नाही. आणखी एक फसगत म्हणजे सदैव उजळलेला डिजिटल मीटर पाहून हेडलाइट लावल्याचा भास होतो. सोलापुरातल्या सात रस्ता चौकाच्या झगमगाटात मागचे लाल दिवे बंद ठेवून जाणारी गाडी अधूनमधून दिसतेच.

डॅशबोर्ड तापू नये म्हणून त्यावर टॉवेल अंथरणे टॉवेलच्या गावात साहजिक असले, तरी त्याची पांढरी छाया पुढच्या काचेत पडते. चकचकीत पॉलिशचेही तसेच. पोलराइज्ड, म्हणजे चकाकी कापणारे, गॉगल लावणाऱ्यांना काही पडदे विशिष्ट कोनातून जवळजवळ काळे दिसतात, तेव्हा गाडी पाहायला जाताना गॉगल सोबत न्यावा. चाळिशी लागलेल्यांनी चष्मा करताना हातभर अंतरावरच्या मीटरचाही उल्लेख करावा, कारण वाचनाचा नंबर त्याहून जवळचा असतो.

इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे आणि आपत्कालीन मदत यांसाठी खरीखुरी बटणे हवीत, ही भूमिका गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरो एनसॅप या युरोपीय संस्थेने २०२६ पासूनच्या गुणांकनात घेतली आहे. एसीचा पंखा त्या यादीत नाही. यादी सोलापुरात झाली असती, तर तो पहिल्या क्रमांकावर असता.